पितळी कान

तलवारबाजी म्हटलं की लोकांना घोडे आणि मावळे दिसतात. आमच्या क्लबात येऊन बघा, निम्मा वेळ आम्ही वायरी जोडत असतो. आमच्या तलवारीला फॉइल म्हणतात. तिच्या टोकाला बटण असतं, ते समोरच्याच्या जाकिटावर दाबलं की मशीनवर लाईट लागतो आणि गुण मिळतो. त्यासाठी खेळाडूच्या पाठीमागच्या रिळापासून एक वायर जाकिटाच्या आतून, बाहीतून, तलवारीच्या हातापर्यंत येते. मुठीपुढं जी वाटी असते तिच्या आत सॉकेट असतं, त्यात वायरीचं टोक बसवायचं. हे टोक दोन तऱ्हांचं मिळतं. एक दोन पिनांचं, सरळ दाबलं की आत जातं आणि वरून क्लिप लावायची. दुसरं बायोनेट, ते आत घालून थोडं पिळायचं, मग खट्ट करून बसतं. आमची पोरं त्याला फिरकी म्हणतात.

मी निशा कांबळे. दिवसा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कास्टिंग तपासते आणि संध्याकाळी उचगावातल्या आमच्या पत्र्याच्या हॉलमध्ये असते. खेळाडू म्हणून मी बेताचीच, पण वायरी, सॉकेट, सोल्डरिंग हे सगळं माझ्याकडं. मी नसले तर तिथं एक लाईट लागायचा नाही, हे मी सगळ्यांना ऐकवत असते.

क्लब विजयसिंह सरांचा. सर मूळचे पैलवान, गुडघा गेला म्हणून कुस्ती सुटली आणि इकडं आले. येताना तालमीची शिस्त तशीच्या तशी घेऊन आले. हॉलमध्ये चप्पल घालायची नाही. सामान सगळ्यांचं, मांडणीवरून हाताला येईल ती तलवार उचलायची, माझी-तुझी म्हणायचं नाही. आणि आपली वायर आपणच लावायची. दुसऱ्यानं पुढं होऊन लावायला घेतली की सर ओरडायचे, "पैलवान आपला लंगोट दुसऱ्याकडनं कसून घेतोय व्हय रे?" पोरी तोंडावर हात ठेवून हसायच्या, पण नियम सगळे पाळायचे.

शांभवी आमच्यातली सगळ्यात चांगली. तिची तलवार कधी निघाली ते समोरच्याला लाईट लागल्यावरच कळायचं. तर गणपतीनंतर या पोरीच्या खेळात उगीचच पांढरा लाईट लागायला लागला. फॉइलमध्ये वायरीचा जोड कुठं सुटला की मशीन पांढरा लाईट दाखवतं. मी वायर बदलली, सॉकेट बदललं, मशीन उघडून पुसलं, मशीनला शिव्याही घातल्या. शेवटी एकदा तिच्या शेजारी उभी राहिले तेव्हा दिसलं की बाईसाहेब फिरकी पुरती फिरवतच नाहीत. नुसती आत ठेवतात आणि खेळायला जातात.

मी तिला सरावानंतर मागच्या पायरीवर गाठली आणि खेकसलेच. "एवढं पण व्हत न्हाय तुझ्यानं? मी आठवडाभर मशीन खोलून बसलीया!"

"अक्का, फिरत न्हाय गं."

"फिरत न्हाय म्हंजे? कालच तेल घातलंय मी."

"फिरकी न्हाय. हात."

तिनं डाव्या हाताची चिमट माझ्या मनगटाला लावली आणि म्हणाली, घेते बघ चिमटा. तिचे ओठ आवळले गेले, कपाळाला आठी आली. मला काही लागलं नाही. दोन बोटं कातडीवर नुसती ठेवल्यासारखी होती. मी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मला मृत्युंजय आठवला.

मृत्युंजय तिचा थोरला भाऊ, ती त्याला अण्णा म्हणते. हुशार, तोंडाळ, आमच्या क्लबाची टर उडवण्यात पहिला. शांभवीच्या एवढाच असताना त्याच्या डाव्या हाताचा अंगठा कामातून गेला. मग बोटं, मग उजवा हात, मग पाय. नसा सुकायचा रोग आहे, औषध नाही, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. आता तो खाटेवर असतो आणि तिथून घरादारावर हुकूम सोडतो. त्यांचे वडील चन्नाप्पा आणि आई शांतव्वा, पोरांचे अप्पा आणि अव्वा, हे नात्यातलेच, शांतव्वा म्हणजे चन्नाप्पांच्या आत्याची लेक. त्यांच्याकडं, निपाणीच्या बाजूला, अशी लग्नं घरोघरी होतात आणि बहुतेकांचं काही बिघडत नाही. यांचं बिघडलं. धाकटीचीही तपासणी करून घ्या असं डॉक्टर म्हणाले होते. शांतव्वा काकूंनी ते ऐकलं आणि पुन्हा तो विषय घरात निघू दिला नाही.

चन्नाप्पा काकांचं उचगावात लेथचं शेड आहे. पोराच्या हातातली ताकद जाईल तसं त्यांनी घर बदललं. नळाच्या चाव्यांना लांब दांडे लावले, कड्यांना कोयंडे वाढवले, गॅसच्या बटणाला, लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला, सगळ्याला काही ना काही जोडलं. कोपरानं ढकललं तरी उघडावं असं सगळं. बघायला आलेल्यांना काकू सांगायच्या, आमच्या ह्यांना हौस हाय. त्या घरात शांभवीला कधी काही पिळून उघडावंच लागलं नाही. त्यामुळं आपल्या हाताला काय झालंय हे तिला घरी कळलंच नाही. पहिला नकार तिला आमच्या या नखाएवढ्या फिरकीनं दिला.

"डॉक्टरकडं चल उद्या," मी म्हणाले.

"डॉक्टर काय करणार? नाव सांगणार. नाव हाय की आमच्या घरात."

"मग घरी सांग."

"अण्णाच्या टायमाला अव्वा कशी झालती, तू बघितलंयस. तिला परत तसलं बघायचं बळ न्हाय माझ्यात." तिनं डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच वाहू दिलं. "पुढच्या म्हैन्यात राज्याची निवड हाय. एकदा संघात नाव लागू दे. एकदाच खेळू दे अक्का, मग मीच सांगते घरात. तवर कुणाला कळता कामा न्हाय."

मला तिचा भयंकर राग आला. देव मानत असते तर निम्मा राग त्याच्यावर काढता आला असता. मी मानत नाही, त्यामुळं सगळा तिच्यावरच निघाला. मूर्ख, हट्टी, घरच्यांची वैरीण, जे तोंडाला येईल ते बोलले. ती ऐकून घेत राहिली. शेवटी मी तिच्याजवळ बसले आणि आम्ही दोघी रडलो.

तिनं उपाय शोधलेला होताच. क्लबाला नवं सामान मंजूर झालं होतं आणि कुठल्या टोकाचं मागवायचं ते सरांनी मला विचारलं होतं. दोन पिनांचं घे, ती म्हणाली. दोन पिनांना चिमट लागत नाही, तळव्यानं दाबलं की बसतं. क्लिप तर काय, नखानंही ओढता येते. सगळ्या क्लबाचं टोक बदललं तर तिचं एकटीचं काही उठून दिसणार नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी सरांपुढं दोन पिनांची बाजू मांडली. पोरांपुढं, तावातावानं. सर माझ्याकडं बघत राहिले, कारण इतकी वर्षं फिरकीचं कौतुक मीच करत आले होते. पिना वाकतात, सैल होतात, क्लिपा पोरं आठवड्यात मोडतात, हे सगळं त्यांना मीच शिकवलेलं.

"निशा, ताप-बीप आलाय काय?" ते म्हणाले. "मांडणीवरच्या सगळ्या तलवारी फिरकीच्या. नव्या दोन पिनांच्या आल्या की ह्याची वायर त्याला बसायची न्हाय. स्पर्धेत वायर मेली की शेजारच्याची मागायची सोय ऱ्हात न्हाय. व्हय का न्हाय?"

व्हय. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते.

"मग शांभवीपुरती तरी येगळी मागवूया. राज्याला जाणारी हाय ती."

"आज तिला येगळी, उद्या आणि कुणाला. तालमीत मातीचा येगळा हौदा असतोय व्हय गं कुणाला?" सर म्हणाले आणि विषय संपला. शांभवी मांडणीपाशी उभी राहून जाकीट दुमडत होती. तिनं मान वर केली नाही.

मग मी हट्टाला पेटले. रात्रभर डोकं चालवून एक गोष्ट सुचली. फिरकीवर बाहेरून पितळेची एक कडी बसवायची आणि कडीला एक कान काढायचा, पंख असलेल्या नटाला असतो तसा. मग चिमटीची गरज नाही, हाताच्या कडेनं कान ढकलला की फिरकी फिरणार. शांभवीला चित्र काढून दाखवलं. तिचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"अप्पांकडं न्यायचं न्हाय हां हे. शपथ घे."

"मी शपथा घेत न्हाय," मी म्हणाले. ते खरंच आहे.

उद्यमनगरातल्या लेथवाल्यांकडं फिरले. पहिल्यानं चित्र उलटंसुलटं करून बघितलं. "एकच नग? आन एवढासा? ताई, हे सोनाराकडं न्या की." दुसऱ्यानं तेवढंही बघितलं नाही. मी खरंच गुजरीत एका सोनाराकडं गेले, तर तो म्हणाला पितळ आम्ही हातात धरत नाही. इतकं बारीक काम करणारा माणूस मला एकच माहीत होता आणि त्याच्याकडंच जायचं नव्हतं. निवड जवळ येत चालली होती. गेले मी. अजूनही म्हणते, गेले ते बरं केलं.

चन्नाप्पा काका लेथवर वाकले होते. मी म्हटलं, क्लबातल्या एका बारा वर्षांच्या पोराचा हात पडून दुखावलाय, त्याच्यासाठी हवंय. काकांनी मशीन बंद केलं, हात पुसले, फिरकी चिमटीत धरून उजेडाला नेली.

"कुठला हात?"

"डावा."

"अंगठा वाकतोय का त्याचा?"

"वाकतोय, पण दाब येत न्हाय."

"शेवटचं पेर ताठ ऱ्हातंय का पडतंय?"

"पडतंय."

"अंगठ्याच्या मुळाला खड्डा दिसाय लागलाय?"

"जरासा," मी म्हणाले. दिसला होता मला, पायरीवर, दिव्याच्या उजेडात.

काकांनी फिरकीचं माप घेऊन खडूनं फळीवर लिहिलं. मग म्हणाले, "शनवारी ने." एवढंच. मी बाहेर पडले तेव्हा स्वतःवर खूश होते. सगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली, संशय यायला जागाच ठेवली नाही, असं वाटलं मला.

कान झकास झाला होता. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, वाटीच्या आत कुठं अडकत नव्हता. सरांना मी सांगितलं, नमुना म्हणून एका वायरीला लावून बघतेय. सरांनी ओढून बघितलं, सुटत नाही म्हटल्यावर मान हलवली. पोरांना तो कान गावंढळ वाटला आणि त्या वायरीला कुणी हात लावेना, तेही बरंच झालं. शांभवीनं पहिल्यांदा तो ढकलला आणि खट्ट आवाज आला तेव्हा ती लहान मुलीसारखी हसली. पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. "हे अप्पांचंच काम. इचारलं काय त्यांनी?" मी म्हणाले, त्यांना पत्ताही नाही.

निवड आमच्याच गावात होती. काका पहिल्यांदाच तिचा खेळ बघायला आले, स्वच्छ टोपी घालून, लांब वरच्या पायरीवर बसले. सर खालून ओरडत होते. शांभवी दर बाऊटला, म्हणजे लढतीला, खेळायच्या पट्टीवर यायची, उजव्या हातात तलवार, डाव्या हाताची कड कानाला लावायची, खट्ट. पंच वायर ओढून बघायचे आणि पुढं व्हा म्हणायचे. दिवसभरात पांढरा लाईट एकदाही उगीच लागला नाही. शेवटच्या बाऊटला ती मागं होती, तिनं एकेक करत गाठलं आणि शेवटचा हात असा मारला की सांगलीची पोरगी नुसती बघत राहिली. यादीत तिचं नाव चौथं लागलं. चौथी म्हणजे संघात. सरांनी तिला पैलवानासारखं खांद्यावर घेतलं. मी शिट्ट्या मारल्या.

संध्याकाळी त्यांच्या घरी पेढे खाल्ले. काकू सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होत्या, माझी लेक महाराष्ट्राकडनं खेळणार. चहा झाला. काकू आत गेल्या तसा मृत्युंजय खाटेवरून हळूच बोलला, माझ्याशी नाही, बहिणीशी.

"कप दोन्ही हातानं धर. अव्वानं इचारलं तर चटका बसतोय म्हणायचं. मी वर्षभर ढकललं त्याच्यावर."

शांभवीनं भावाकडं बघितलं. तो छताकडं बघत होता. तिनं दुसरा हात कपाला लावला आणि चहा पिऊन टाकला. काकू परत आल्या तेव्हा मृत्युंजय मला म्हणत होता की तुमच्या सरांना आता कुस्ती आणि तलवार यातला फरक कुणीतरी सांगा. सगळे हसले. मला तिथं बसवेना.

पुढच्या आठवड्यात काकांचा फोन आला. "शेडवर येऊन जा जरा. एकटीच ये."

लेथ बंद होतं. काकांनी खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. आत पितळेचा दुसरा कान होता, पहिल्यापेक्षाही नाजूक. मला वाटलं जादाचा करून ठेवला असेल. मग दिसलं, याचं वळण उलट्या बाजूला होतं.

"ह्यो उजव्या हाताचा," काका म्हणाले.

त्यांनी ओळखलंय हे मला कळलं.

"पडून दुखावलेला हात असा नसतोय, निशा. तू सांगत हुतीस आन मला आमच्या मृत्युंजयाचा हात दिसत हुता. त्या दिवशी वर बसून तिला बघितलं, मग शंका म्हणून काय ऱ्हायलीच न्हाय."

"काका, तिनं कुणाला सांगू नको म्हणून..."

"मग नकोच सांगू. मला ठावं हाय हे तिला कळू देऊ नको. खेळू दे तिला. तिच्या अव्वाला कवा सांगायचं ते मी बघीन." ते स्टुलावर बसले. "मृत्युंजयाच्या येळंला काय झालं, मी नळाला दांडा केला डाव्या हातासाठी, तवर त्याचा उजवा गेला. उजव्यासाठी केला, तवर त्यो नळापतूर चालायचा बंद झाला. दर बारीला मी एक वस्तू मागंच. म्हटलं ह्या बारीला मागं ऱ्हायचं न्हाय. आधीच करून ठेवलाय. लागंल तवा दे तिला."

मी तो कान तळहातावर धरून उभी राहिले. शांभवीच्या उजव्या हातात तलवार असते. वायर त्याच हाताच्या बाहीतून बाहेर येते आणि ती लावायचं काम डाव्या हाताचं. उजव्या हातानं फिरकी फिरवायची वेळ तिच्यावर कधीच येत नाही. ज्या दिवशी उजव्या हाताला असला कान लागेल, त्या दिवशी त्या हातात तलवार राहणार नाही आणि लावायला वायरही उरणार नाही. काकांनी लेकीला एकदाच खेळताना बघितलं होतं, तेही लांबून, डोळ्यांत पाणी घेऊन. कुठला हात काय करतो हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. किती रात्री बसून घासलं असेल ते त्यांनी. मी सांगायला तोंड उघडलं.

"बसंल न्हवं गं नीट?" काकांनी विचारलं. ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

"बसंल की काका," मी म्हणाले. "झकास बसंल."

त्यांनी मान हलवली, उठले आणि लेथ चालू केलं. मी पुडी पर्समध्ये ठेवली आणि घरी गेले.